रोग, कारक, उपाय

भिंगाखालचं पान निर्मळ होतं. डॉ. शर्वाणी म्हेत्रेनं ते उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीशी नेऊन उन्हात धरलं. कुठं पांढरी भुकटी नाही, तपकिरी डाग नाही, देठाशी काळेपणा नाही. झाडांच्या रोगांवर आयुष्य घालवणाऱ्या माणसाला याहून चांगली बातमी कुठली? पण ही बाई सकाळपासून पाचव्यांदा तेच करत होती, आणि दर वेळी पान निर्मळ निघालं की कपाळाला आठी घालून पुढचं पान उचलत होती.

याचं कारण समोरच्या बाकावर बसलं होतं. पाथरमाची गावची चंद्राबाई ढेबे दीड तासाची चढण चढून प्रयोगशाळेत आली होती आणि पाण्याचा घोटही न घेता एकच आकडा सांगत होती.

“चारशे धा.”

“चंद्राबाई, मागच्या आठवड्यात तीनशे ऐंशी म्हणाला होतात.”

“मागच्या आठवड्यात तीनशे ऐंशीच हुतं. आज चारशे धा. मी काय मनानं सांगती व्हय?”

हा आकडा म्हणजे काय, ते सांगायला हवं. पठाराच्या पूर्व उताराखाली जोगळ झरा आहे आणि त्यावर पाथरमाची जगते. रोज सकाळी झऱ्याचा पहिला हंडा गवळदेवाचा. तो भरायचा मान ढेब्यांच्या घराकडे, आणि हंडा भरेस्तोवर मोठ्यानं आकडे म्हणायचे ही रीत. का म्हणायचे ते कुणाला ठाऊक नाही. सासूनं म्हटले म्हणून चंद्राबाई म्हणते. आश्विनात, पाऊस नुकता उघडलेला असताना, हंडा दीडशेच्या आत भरायचा. वैशाखात तीनशेवर जायचा. चारशेचा आकडा तिच्या सासूनं जन्मात उच्चारला नव्हता. आणि आत्ता तर आश्विनच चालू होता.

“पश्चिमेकडचा झरा?” शर्वाणीनं विचारलं.

“त्यो खळाळतोय की. तिकडं झाडांवर तुमची ती भुरी हाय, अन् झरा खळाळतोय. आमच्याकडं झाडं कशी न्हाऊनमाखून बसल्यावानी, अन् झरा आटतोय. तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हीच सांगा आता.”

शर्वाणी उठली, येरझारा घातल्या, पुन्हा बसली. टेबलावर मासिक अहवालाचा कागद पडला होता. त्यात तीन रकाने: रोग, कारक, उपाय. पश्चिम उताराच्या ओळीत तिनं कालच लिहिलं होतं. रोग: भुरी. कारक: बुरशी. उपाय: मूक-फवारा, येत्या सोमवारी. आज बुधवार होता.

गवळदेवाचं पठार सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. वणव्यांनी तिथलं मूळचं जंगल खाऊन टाकलं, झरे आटले, गावं उठायला लागली, तेव्हा हिमालयातून बांज जातीचे ओक आणून इथं लावले गेले. बांजाच्या मुळाशी पाणी टिकतं, असं तिकडच्या डोंगरी माणसांचं म्हणणं. ते खरं निघालं. एकतीस वर्षांत पूर्व उतारावर नऊ हजार आणि पश्चिम उतारावर नऊ हजार झाडं उभी राहिली आणि झरे परतले. मग चार वर्षांपूर्वी पानांवर भुरी आली. पानावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी. काही झाडांवर करपा आला. माघ उजाडेपर्यंत झाडांची तिसरा हिस्सा पानं गळून जायची. लोक हळहळायचे.

शर्वाणीला मात्र नुसती हळहळ पुरणारी नव्हती. ती तासगावच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. त्या घरांत लहान पोर ‘आई’च्या पाठोपाठ ‘भुरी’ शिकतं. एका पानावर पांढरं दिसलं की तिचे वडील जेवत्या ताटावरून उठून फवारणीचा पंप पाठीला लावायचे. तेच तिच्या हाडीमाशी खिळलेलं. पठारावर आल्यावर दोन वर्षं घासून तिनं मूक-फवारा शोधून काढला. तो बुरशीला मारत नाही. पानात शिरायला बुरशीला जी रसायनं बनवावी लागतात, त्यांचे हुकूम तो तिच्या पेशीतच मुके करून टाकतो. बुरशी पानावर बसते, काही करू शकत नाही, उपाशी मरते. माणसाला, गुराला, पाण्याला अपाय नाही. एकदा पानांनी तो शोषला की असर दोन पावसाळे. गेल्या आश्विनात पूर्व उतारावर तो फवारला आणि वर्षभर एक पान डागाळलं नाही. गेल्याच महिन्यात तिचा सत्कार झाला होता. शाल अजून खुर्चीच्या पाठीवर होती.

चंद्राबाई उठली. जाताना एवढंच म्हणाली, “बाई, हंडा भरला न्हाई तर देवाचं ऱ्हाऊ द्या, माणसं काय प्यायची?”

ती गेली आणि शर्वाणीला बसवेना.

दर दहाव्या झाडाला पठारावरच्या संशोधन केंद्रानं खोडपट्टा बांधला होता. झाडाच्या अंगातला रस किती वेगानं चढतो, मुळांना खोलवरच्या खडकातलं पाणी किती लागतं, आणि झाडाचा कवचरस किती, हे तो दर तासाला कळवायचा. कवचरस म्हणजे बुरशीचं बाहेरचं आवरण विरघळवणारा, झाडानं स्वतः बनवलेला रस. भुरीवर चालणारा त्याचा अंश वेगळा, करप्यावरचा वेगळा, खोड कुजवणाऱ्या बुरशीवरचा वेगळा. आता या सगळ्या नोंदी तिच्याकडे चार वर्षं होत्या, पण तिनं त्या बघितल्या होत्या रोग दिसल्या दिवसापासून पुढच्या. रोगतज्ज्ञाची ही खोडच आहे. रोगी दारात आल्यावर त्याची नाडी बघायची, तो घरून निघाला कधी हे कुणी विचारत नाही. त्या दुपारी पहिल्यांदा ती मागं मागं गेली. आणि तीन आठवडे मागं गेल्यावर तिचा हात थांबला.

डॉ. दिगंबर टिळेकर केंद्राचे संचालक होते. या बांजांतलं पहिलं रोप त्यांनी पस्तिसाव्या वर्षी स्वतःच्या हातानं लावलं होतं. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी त्यांना कुणी जा म्हणत नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी ते गेले नसते.

“सर, भुरी येण्याआधी तीन आठवडे कवचरस पडतो.”

“पडणारच. झाड अशक्त होतं, मग रोग लागतो. यात नवीन काय सांगतेस?”

“अशक्त झाडं काय एकाच पहाटे अशक्त होतात? नऊशे पट्टे आहेत पश्चिमेला. नऊशेच्या नऊशे झाडांचा कवचरस एका पहाटे, एका तासात शंभरावरून बारावर आलाय. चारही वर्षी. आणि पहिलं वर्ष सोडलं तर सगळा नाही, फक्त भुरीवरचा अंश. उत्तर टोकाची दोनशे झाडं आहेत, त्यांचा फक्त करप्यावरचा.”

टिळेकरांनी चष्मा काढला. “उत्तर टोकाला पहिल्या वर्षी करपा आधी पोचला होता. दक्षिणेकडं भुरी. हे मला माहीत आहे, मी तेव्हा त्यावर लिहिलंही होतं. झाडाला पेशीस्मृती असते. ताण कसा सुटला हे त्याच्या पेशी धरून ठेवतात. ज्या वाटेनं एकदा सुटका झाली, पुढच्या खेपेला झाड तीच वाट धरतं. पण ते पाण्याच्या ताणाबद्दल होतं, रोगाबद्दल नव्हे.”

“खोल पाणी एका ठराविक पातळीखाली गेलं की त्याच पहाटे कवचरस पडतोय, सर.”

“म्हणजे झाड तहानलं की स्वतः उठून दार उघडतं, असं तुझं म्हणणं? कोण आपल्या घरात आपण होऊन चोर घेतं, शर्वाणी?”

टिळेकरांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. “सोमवारी फवारणी आहे. दोन दिवस झोप काढ. मी ही झाडं पोटच्या पोरांसारखी वाढवलीत, ती पांढरी पडलेली मला बघवत नाहीत.”

झोप कुठली? ती व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली. मधेच तासगावहून वडिलांचा, आबांचा फोन आला. म्हातारा अठ्ठ्याहत्तरीचा, पण आवाज खणखणीत.

“काय चाललंय, आबा?”

“पानगळ चाललीया. चाळीस बाया लावल्यात. पंधरवड्यात छाटणी घ्यायची.”

ऑक्टोबरच्या छाटणीआधी बागेची सगळी पानं उतरवायची, हे तिनं जन्मापासून बघितलेलं. ती उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, “औषध मारून नाही पाडलीत यंदा?”

“न्हाई. हातानं काढलेलं बरं. देठाच्या बुडाला अंगठा दाबायचा अन् खाली वढायचं, कोंबाच्या डोळ्याला धक्का न्हाई लागत. तू करायचीस की ल्हानपणी. इसरलीस?”

“आबा, पानगळ करायचीच कशाला पण?”

पलीकडे आबा हसले. “आगं, एवढी डॉक्टर झालीस अन् हे मला इचारतीस? द्राक्षाची येल थंड मुलखातली. तिकडं बरफ पडलं की आपसूक पानं टाकती अन् निजती. हितं कुठलं बरफ? तिला बिचारीला टाकायची असत्यात, पर टाकता येत न्हाईत. मग कुणीतरी लागतंय टाकायला. आपण टाकून घ्यायची.”

शर्वाणीची फेरी व्हरांड्याच्या मधोमध थांबली.

“कुणीतरी लागतंय,” ती म्हणाली.

“व्हय. काय झालं गं?”

“काही नाही, आबा. मग करते फोन.”

टिळेकर गाडीत बसायच्या बेतात होते. तिनं गाडीचं दार धरून ठेवलं आणि एका दमात बोलत सुटली. बांज सदाहरित. थंडीत पानं झाडून टाकायची सोय त्याच्या अंगात नाही. झाडं लहान होती तोवर खडकातलं पाणी पुरत होतं, म्हणून सव्वीस-सत्तावीस वर्षं रोग नाही. मग ती मोठी झाली, पानं वाढली, आणि पानांवाटे जितकं पाणी हवेत जायला लागलं तितकं पावसाळा खडकात भरू शकेना. पानं कमी करायला हवीत आणि स्वतःला ती गाळता येत नाहीत. म्हणून झाड कवचरस पाडतं, बुरशीला आत घेतं, तिसरा हिस्सा पानं तिच्याकडून गाळून घेतं आणि काम झालं की पुन्हा कवच उभं करतं.

“तुम्ही चोर म्हणालात. चोर नाही, सर. मजूर आहे तो. मी वर्षभर मजुराला कामावर येऊ दिलं नाही. पूर्वेची झाडं सगळ्या पानांनिशी उन्हाळाभर पाणी पीत राहिली. पाथरमाचीचा झरा मी आटवलाय.”

टिळेकरांनी गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

“तू म्हणतेस ते खरं असेल,” ते सावकाश म्हणाले, “तर पूर्वेच्या झाडांचं दार अजून उघडंच असलं पाहिजे. सुटका झालेलीच नाही.”

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. दोघं तशीच आत गेली आणि पूर्वेचे पट्टे उघडले. भुरीवरचा अंश: नऊ. करप्यावरचा: अकरा. खोडकुजीवरचा: सात. वाट बघून बघून झाडांनी सगळीच दारं सताड उघडी टाकली होती. फवारा पानांत होता. खोडाला त्याचा काही आधार नव्हता.

उतारावर जाऊन त्यांना फार शोधावं लागलं नाही. चव्वेचाळीसशे सतरा क्रमांकाच्या झाडाच्या खोडावर, कमरेच्या उंचीला, काळा ओघळ होता. टिळेकरांनी बोट लावलं. साल ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. शेजारच्या दोन झाडांवर तसेच ओघळ नुकते सुटत होते. वर बघावं तर तिन्ही झाडं हिरवीगार, पान न् पान चकचकीत.

टिळेकर त्या खोडाला टेकून खाली बसले. “हे मी स्वतः लावलंय,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मग तिथूनच त्यांनी सोमवारची फवारणी रद्द केली.

पश्चिमेचा प्रश्न सुटला. तिथल्या भुरीला तिचं काम करू द्यायचं, बस. पूर्वेचं काय करायचं? फवाऱ्याचा असर अजून एक पावसाळा होता, म्हणजे बुरशी बोलावूनही येणार नाही. आणि मार्गशीर्षात धुकं धरलं की खोडकूज उतारभर पसरणार. हातात महिना.

“पानं पाडायचं औषध असतं ना द्राक्षाला?” टिळेकरांनी विचारलं.

“असतं. उताराचं सगळं पाणी झऱ्यात उतरतं. ते मारलं तर पाथरमाची तेच पिणार.”

“मग?”

शर्वाणीनं हातातल्या पानाच्या देठाच्या बुडाला अंगठा दाबला आणि खाली ओढलं. पान चिवट होतं. दोनदा ओढावं लागलं.

“मग हातानं,” ती म्हणाली.

आबांनी आधी चेष्टा समजून फोन ठेवला. दुसऱ्यांदा केल्यावर मात्र त्यांनी विचारलं ते फक्त झाडं किती आणि किती उंच. तासगाव-पलूसच्या बागांतली पानगळ उरकताच तीनशे माणसं शिड्या घेऊन पठारावर आली, निम्म्याहून जास्त बाया. आबा स्वतः आले आणि खुर्ची टाकून बसले. “ह्याला घड कुठं लागत्यात?” एकीनं ओक बघून विचारलं. “याला घड न्हाई, पानीच लागतंय,” चंद्राबाईनं उत्तर दिलं आणि पदर खोचून शिडीवर चढली. पाथरमाचीनं भाकऱ्या पुरवल्या.

तीन पानांतलं एक काढायचं, दोन ठेवायची, असा हिशेब आखून दिला होता. अंगठा देठाच्या बुडाला, दाब, खाली. दिवसभर उतारावर तेवढाच टक टक आवाज. वर्षभर एकेका पानाला भिंगाखाली जपणारी शर्वाणी आता ढिगानं पानं तोडणाऱ्या बायांवर देखरेख करत फिरत होती, आणि तिला धड जेवण जात नव्हतं. दर तासाला ती पट्टे बघायची. नऊ. आठ. नऊ. बाराव्या दिवशी शेवटच्या झाडावरची शिडी उतरली. तेराव्या दिवशी काही नाही. चौदाव्या पहाटे नऊशे पट्ट्यांवर आकडा एकदमच उठला. चाळीस, सत्तर, ब्याण्णव. झाडांनी दारं लावली.

खोडकुजीत एकोणीस झाडं गेली. बाकीची तगली. झऱ्याला वेळ लागला, पण त्यानं ऐकलं. चारशे दहाचे तीनशे चाळीस झाले, तीनशे झाले, आणि फाल्गुनात एका सकाळी चंद्राबाईचा हंडा दोनशेवर भरला. ती बातमी सांगायला ती पुन्हा दीड तासाची चढण चढली आणि त्या दिवशी तिनं चहा घेतला.

पुढच्या आश्विनात मूक-फवाऱ्याचा असर संपला. पश्चिमेला ठरल्या वेळी कवचरस पडला आणि ठरल्या वेळी भुरी आली. शर्वाणी पूर्वेची वाट बघू लागली. आठवडा गेला, दोन गेले. पूर्वेला भुरी आली नाही. करपा आला नाही. काहीच आलं नाही.

पानगळीनं झाडांची तहान कायमची भागली असं समजून टिळेकर खुशीत होते. केंद्रही खुशीत होतं. राजधानीहून एक समिती यायची ठरली. अध्यक्ष निंबाळकर म्हणून एक शांत, सज्जन गृहस्थ होते आणि त्यांना मनापासून वाटत होतं की असं रोगमुक्त जंगल देशात दुसरं नाही, ते जपलं पाहिजे. पूर्व उताराला ‘निर्मळ वन’ जाहीर करायचं, भोवती कुंपण घालायचं, माणसानं आत पाऊल टाकायचं नाही, पानाला बोट लावायचं नाही. झऱ्याचं पाणी गावाला नळानं बाहेर आणून देणार होते. त्यासाठी फक्त रोगतज्ज्ञाची सही हवी होती. त्याच तीन रकान्यांचा कागद, आणि तिन्ही रकान्यांत लिहायचं: निरंक.

समिती यायच्या सकाळी शर्वाणी उतारावर गेली. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. सगळं चांगलं असताना ही कसली हुरहूर, म्हणून ती स्वतःवरच चिडली होती. झऱ्यापाशी चंद्राबाई हंडा भरून उभी होती.

“दोनशे नव्वद. परवा दोनशे साठ हुतं.”

म्हणजे पाणी उतरत होतं. पट्टेही तेच सांगत होते. खोल पाणी पातळीखाली जाऊन तीन आठवडे झाले होते. मग झाडं दार का उघडत नव्हती? भुरीवरचा अंश ब्याण्णव, करप्यावरचा नव्वद, खोडकुजीवरचा पंच्याण्णव. तहान लागलेली, आणि सगळी दारं पक्की बंद. कुणाला बोलवायचं नाही तर ही झाडं पानं गाळणार कशी?

विचार करता करता तिनं सवयीनं एका पानाला हात घातला. ते तिच्या हातात आलं.

ओढावं लागलं नाही. देठाच्या बुडाला अंगठा टेकला आणि पान सुटलं. तिनं दुसऱ्याला हात लावला. तेही आलं. तिसरं मात्र हललं नाही. चौथं, पाचवं घट्ट. सहावं आलं. तिनं फांदी धरून गदागदा हलवली. एक पान खाली पडलं नाही.

“चार दिस झालं,” चंद्राबाई म्हणाली. “वाऱ्यानं न्हाई पडत. शेळीनं वढलं तर फाटतंय, पर सुटत न्हाई. आपलं बोट लागलं की सुटतंय. तीनातलं एक. मला वाटलं, तुमाला ठावं असंल.”

शर्वाणी तिथंच खडकावर बसली. टिळेकर तिला शोधत आले तेव्हा तिच्या मांडीवर दहा-बारा पानं होती. तिनं त्यांचा हात धरला आणि अंगठा एका देठावर टेकवला. पान सुटून त्यांच्या तळव्यात पडलं.

“ज्या वाटेनं एकदा सुटका झाली…” ती म्हणाली.

“…पुढच्या खेपेला झाड तीच वाट धरतं,” टिळेकरांनी स्वतःचंच वाक्य पुरं केलं. आवाज पार खाली गेला होता. “बुरशीची गरज उरली नाही त्यांना.”

“आपण आहोत म्हणून. गेल्या वर्षी आपण पानं काढली आणि ताण सुटला. सर, ती आपली वाट बघताहेत.”

“आणि आपण गेलो नाही, तर?”

याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. पहिल्या वर्षी झरा आटेल. दुसऱ्या वर्षी झाडं सगळी दारं उघडून बसतील.

वर केंद्रात खुर्च्या मांडल्या होत्या, हार आणले होते. निंबाळकरांनी कागद पुढं केला आणि पेनचं टोपण काढून दिलं. शर्वाणीनं बसूनही न घेता लिहिलं आणि सही केली. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि सभ्यपणे म्हणाले, “बाई, काहीतरी घोटाळा झालाय. निरंक लिहायचं होतं.”

कागदावर लिहिलं होतं:

रोग: पानगळ. कारक: माणूस. उपाय: करू नये.

“घोटाळा नाही, साहेब,” शर्वाणी म्हणाली. “जंगल निर्मळ आहे ते खरं आहे. पण त्याला आता माणूस लागलाय. तुम्ही कुंपण घातलंत, तर मी दोन सालांमागं औषधानं जे केलं तेच तुम्ही कुंपणानं कराल.”

“आणि हे किती वर्षं चालायचं?”

“झाडं आहेत तोवर.”

निंबाळकरांना हे पटलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. तिनं वाद घातला नाही. त्यांना म्हणाली, एकदा चला, हात लावून बघा, मग कागद फाडायचा तर फाडा. हार तसेच टेबलावर राहिले आणि सगळे उतारावर गेले. वाटेत तिनं आबांना फोन लावला आणि माणसं पाठवा म्हणून सांगितलं. “यंदाबी?” आबांनी विचारलं. “दरवर्षी,” ती म्हणाली. “मग पाथरमाचीच्याच पोरींना शिकवून ठिवू,” म्हातारा म्हणाला. “आपण काय कायमचं हाय व्हय?”

झऱ्यापाशी निंबाळकर थांबले. अंगठा कसा टेकवायचा ते चंद्राबाईनं दाखवलं. त्यांनी जरा अवघडून हात पुढं केला. पान सुटून तळव्यात पडलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, खिशात ठेवलं, दुसऱ्याला हात लावला. मग पुढच्याला. घट्ट पान लागलं की ते सोडून द्यायचे आणि वरचं शोधायचे. कागदाची त्यांनी घडी केली होती, ती काखेत धरलेली. सोबतची माणसं बघत राहिली. साहेबांचा हात काही थांबेना.

“साहेब,” चंद्राबाई शेवटी म्हणाली, “तीनातलं एकच. झालं ह्या फांदीचं. आता शिडी लागंल.”